हे नाणं कुठलं? नाशकात हाती आलेलं अनोळखी नाणं ओळखण्याची रीत

जुन्या नाशकात वाडा पाडायला घेतला की भिंतीतून, जोत्याखालून काहीबाही निघतं. विहिरीचा गाळ काढताना निघतं, द्राक्षबागेसाठी चर खणताना निघतं, आणि गंगेचं म्हणजे गोदावरीचं पाणी उतरलं की रामकुंडाच्या खाली चाळणी घेऊन बसणाऱ्या पोरांना तर नेहमीच सापडतं. मातीने माखलेलं, वेडंवाकडं, काय लिहिलंय ते कळत नाही असं नाणं. मग त्याचा मोबाइलवर फोटो काढला जातो, चार ग्रुपवर फिरतो आणि खाली एकच प्रश्न असतो: किती येतील?

किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी सहा-सात पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक अक्षरांपासून सुरुवात करतात, लिपी वाचता येत नाही म्हणून तिथेच अडकतात. खरं तर सापडलेली जागा, वजन, धातू आणि घडण या चार गोष्टींना एकही अक्षर वाचावं लागत नाही, आणि एवढ्यावरच निम्म्याहून जास्त शक्यता गळून पडतात. अक्षरं त्यानंतर वाचली तर काय शोधायचं ते आधीच ठाऊक असतं.

घासू नका

घरात नाणं आलं की पहिला हात चिंचेकडे जातो. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यातलं काहीही लावायचं नाही. तांब्याच्या नाण्यावर शेकडो वर्षांत जो हिरवा-तपकिरी थर बसतो त्यातच पुष्कळदा अक्षरांची उंची शिल्लक असते. थर गेला की अक्षरंही गेली, आणि खाली उरतो तो गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांचा चकचकीत तुकडा. संग्राहक असं नाणं हातात घेतो आणि मुकाट्याने परत ठेवतो.

माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस भिजू द्या, पाणी बदला, मऊ ब्रशने नुसतं टेकवत माती सोडवा. मग सुती कापडावर ठेवून सावलीत वाळवा. चांदीचं नाणं काळं पडलेलं असेल तर तसंच राहू द्या. काळेपणामुळे उलट अक्षरं उठून दिसतात.

दोन अपवाद लक्षात ठेवा. तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी बुरशीगत पूड दिसली तर ती धातू खाणारी झीज आहे. असं नाणं ओलं न करता कोरड्या डबीत वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. दुसरं म्हणजे शिसं. करड्या, मऊ, जड नाण्यावर पांढरी पूड असेल तर ते शिशाचं असण्याची दाट शक्यता आहे. ती पूड विषारी असते, हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.

जागेची नोंद

नाणं कुठे सापडलं ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते, आणि ती सगळ्यात आधी हरवते. कुठला गाव, कुठलं शेत किंवा घर, किती खोल, सोबत काय होतं (मडक्याचे तुकडे, विटा, राख, आणखी नाणी), कोणाच्या हाती लागलं, कोणत्या तारखेला, हे त्याच दिवशी कागदावर उतरवा. आजोबांच्या पेटीतलं असेल तर आजोबा नोकरीला कुठे होते, आजीचं माहेर कुठलं हेही लिहा. बडोद्याचा पैसा नाशकातल्या घरात कसा आला याचं उत्तर अनेकदा आजीच्या माहेरात असतं.

जागा इतकी महत्त्वाची का, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सव्वातेरा हजारांच्या आसपास नाणी. सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप म्हणजे शक राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाला हरवून सातवाहनांनी त्याचा पैसा आपल्या नावावर करून घेतला, याचा इतका रोखठोक पुरावा दुसरा नाही. हीच नाणी एकेक करून, कुठून आली ते न सांगता बाजारात विकली गेली असती, तर हाती काय राहिलं असतं? दोन ठसे एकमेकांत मिसळलेली, ‘खराब झालेली’ चांदी.

वजन आणि माप

दागिन्यांचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ऑनलाइन काही शेकड्यांत मिळतो. तो घ्या. किराणा दुकानातल्या काट्यावर ग्रॅमाच्या खालचं काही कळत नाही. व्यास मोजायला साधी प्लॅस्टिकची व्हर्निअर पट्टी पुरते. नाणं गोल नसेल तर सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद अशी दोन्ही मापं लिहा. जाडीही लिहा.

आता वजन काय सांगतं ते पाहा. चांदीचं नाणं साडेअकरा ग्रॅमच्या जवळपास असेल तर तो रुपया: मुघल, मराठा, संस्थानी किंवा इंग्रजी. १८३५ नंतरचा इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, मुघल आणि मराठा रुपये त्याहून किंचित कमी. चांदीचं पण दोन-सव्वादोन ग्रॅमचं, बोटाच्या नखाएवढं नाणं असेल तर आपण एकदम दीड-दोन हजार वर्षं मागे जातो: क्षत्रप, सातवाहन किंवा कलचुरी. सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचा चांदीचा वेडावाकडा, कापल्यासारखा तुकडा आणि त्यावर सुटी सुटी चिन्हं ठोकलेली असतील तर ते आहत नाणं, म्हणजे आणखी जुनं. तांब्याचं नऊ ते तेरा ग्रॅमचं जाडसर नाणं आपल्या भागात बहुतेक वेळा शिवराई निघतं. सोन्याचं साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचं, पातळ, त्यावर उभी-गुडघे टेकलेली माणसं, तर ती पुतळी. मूळ व्हेनिसची सोन्याची नाणी आपल्याकडे व्यापारातून आली आणि गळ्यातल्या माळेत जाऊन बसली. माळेतल्या पुतळ्या मात्र बऱ्याचदा सोनाराने इथेच पाडलेल्या नकला असतात.

झिजलेल्या नाण्याचं वजन कमी भरणारच. पण मूळ वजनापेक्षा ते जास्त भरलं, तर थांबून विचार करायचा.

धातू: पाण्यातलं वजन

रंगावरून धातू ठरवू नका. मुलामा दिलेलं तांबं चांदीसारखं दिसतं आणि मातीत राहिलेली हलक्या कसाची चांदी तांब्यासारखी हिरवी होते. सराफाकडे गेलात तर तो सवयीने नाणं कसोटीवर घासेल, त्याचा धंदाच तो आहे. दगडावर ओढायला नाणं देऊ नका. घनता घरीच काढता येते.

काट्यावर हलकं प्लॅस्टिकचं भांडं पाण्याने अर्धं भरून ठेवा आणि काटा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं हाताने किंवा काठीला अडकवून अधांतरी धरा. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

समजा एक रुपया कोरडा ११.३८ ग्रॅम आहे आणि पाण्यात धरल्यावर काट्याने १.१० दाखवले. भागाकार १०.३५. शुद्ध चांदी १०.५ च्या आसपास असते, थोडं तांबं मिसळलं की आकडा जरा उतरतो, म्हणजे रुपया चांदीचाच. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या ‘रुपया’ने पाण्यात १.२९ दाखवले तर भागाकार ८.८ येतो. हा तांब्या-पितळेचा किंवा निकेलचा इलाका. वरचा पांढरेपणा मुलाम्याचा आहे. तांबं ८.९, पितळ साधारण साडेआठ, शिसं ११.३, सोनं १९.३, लोखंड ७.९, जस्त ७.१ एवढे आकडे चिठ्ठीवर लिहून काट्याच्या डबीत ठेवले की झालं.

दोन मर्यादा आहेत. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा फसवतो, म्हणून दोरा हलवून बुडबुडे झटका आणि मोजमाप तीनदा करा. आणि दोन ग्रॅमच्या नाण्याला पाण्यात जेमतेम ०.२० येतात. तिथे काट्याची ०.०१ ची चूक म्हणजे पाच टक्क्यांचा फरक, तेव्हा इतक्या लहान नाण्यासाठी हा आकडा नुसता इशारा समजा. पूड सुटणारं शिसं किंवा हिरवी भुकटी असलेलं तांबं या खेळात आणू नका.

लोहचुंबकही लावून पाहा, पण निष्कर्ष घाईने काढू नका. चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटंच असं नाही. १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि तो खराखुरा असूनही चिकटतो. जुना चांदीचा रुपया मात्र चिकटला तर तो चांदीचा नाही, एवढं पक्कं.

घडण कशी आहे

आता भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी वापरतात तसं. नाण्याची कड पाहा. इंग्रजी अमलातल्या रुपयाची कड यंत्राने रेघा पाडलेली, नाणं अगदी गोल, दोन्ही बाजूंना उंच काठ. हाताने ठोकलेल्या नाण्यात असा काठ नसतो, कडेला ठोकताना गेलेल्या भेगा असतात आणि ठसा एका बाजूला सरकलेला असतो. ठसा बहुतेकदा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. हे लक्षात आलं नाही तर माणूस अर्धवट अक्षरांना ‘गूढ लिपी’ म्हणायला लागतो.

ओतीव नाणं वेगळं दिसतं. कडेवर दोन साच्यांच्या जोडाची बारीक रेघ, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी छिद्रं, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या. काही जुनी नाणी खरोखरच ओतीव होती, पण मुघल किंवा मराठा रुपया ओतीव असेल तर तो नकली.

चित्रं आणि चिन्हं, नाशिकच्या मातीतली

फोटो काढताना प्रकाश समोरून नको. खिडकीपाशी सकाळच्या तिरप्या उजेडात नाणं ठेवा, फोन अगदी वरून सरळ धरा आणि नाणं हळूहळू फिरवत सात-आठ फोटो घ्या. एका फोटोत न दिसलेली रेघ पुढच्या फोटोत सावलीमुळे वर येते. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका.

मग चित्रं ताडून पाहायची. जगभरची नाणी चाळत बसण्यापेक्षा या भागात कोणाची सत्ता होती त्या क्रमाने जा.

सातवाहनांची शिशाची, तांब्याची आणि मिश्रधातूची नाणी इथे मुबलक. हत्ती, कधी सिंह, आणि मागच्या बाजूला ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते: मध्ये फुली आणि तिच्या चारही टोकांना गोल. हे चिन्ह एकदा डोळ्यांत बसलं की झिजलेल्या नाण्यावरही सुटत नाही. तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ, वर चंद्रकोर हे दुसरं नेहमीचं चिन्ह. तो डोंगर क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवरही मागच्या बाजूला असतो, पण तिथे पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा असतो, मिशा असलेला, डोक्याला घट्ट टोपी. पुढच्या काळातल्या क्षत्रपांच्या नाण्यांवर चेहऱ्यामागे बारीक अंकांत शक वर्ष असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन.

जोगलटेंभी प्रकारचं नाणं हातात आलं तर ते कसं दिसेल, हे जरा जवळून सांगतो, कारण पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. नहपानाच्या मूळ नाण्यावर एका बाजूला चेहरा आणि भोवती बिघडलेली ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. या नाण्यावर सातवाहनांच्या टांकसाळीत पुन्हा घण बसला. त्यामुळे आता एका बाजूला डोंगर दिसतो, पण डोंगराच्या कमानीतून मध्येच एक नाक किंवा हनुवटी डोकावते. डोंगराभोवती गौतमीपुत्राच्या नावाची ब्राह्मी अक्षरं आहेत आणि त्यांच्यात ग्रीक अक्षरांच्या उभ्या दांड्या घुसलेल्या. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्हाच्या गोलाखाली बाणाचं टोक. नाणं थोडं थोडं फिरवत पाहिलं तर एका कोनात सातकर्णी दिसतो, दुसऱ्या कोनात नहपान. असं काही दिसलं तर ‘ठसा चुकलाय’ म्हणून बाजूला टाकू नका.

हीच दोन नावं पांडवलेण्यातही भेटतात. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांचे लेख आहेत. त्यात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे ३५ ला एक या दराने २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), असा चक्क विनिमयाचा दर कोरलेला आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाने क्षहरातांचं कुळ निखंदून काढल्याचं सांगणारा. रविवारी एकदा लेण्यात जाऊन त्या अक्षरांचा आकार डोळ्यांखालून घातला तर नाण्यावरची ब्राह्मी ओळखायला फार मदत होते. बेरजेच्या चिन्हासारखा क, उलट्या व्हीसारखा ग, गोल ठ एवढं जरी ओळखता आलं तरी लिपी ब्राह्मी आहे हे ठरतं.

पुढचा टप्पा सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाचा. चांदीचं छोटं नाणं, पुढे राजाचा चेहरा, मागे बसलेला नंदी आणि भोवती ‘परममाहेश्वर’ने सुरू होणारा लेख. नंदी दिसला की लोक त्र्यंबकेश्वराचा शिक्का म्हणून मोकळे होतात. ही नाणी राजा गेल्यावरही दीर्घकाळ चालत राहिली. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या भोगशक्ती या राजाच्या अंजनेरी ताम्रपटात ‘कृष्णराज-रूपक’ असा त्यांचा उल्लेख आहे, म्हणजे दीडशे वर्षांनंतरही हेच चलन चालत होतं.

त्यानंतरचे गधैया: जाड, लहान, हलक्या कसाच्या चांदीचे, चार ग्रॅमच्या आसपास. त्यांच्यावर ठिपके आणि रेघा एवढंच दिसतं. मूळ इराणी सासानी नाण्यावरचा राजाचा चेहरा आणि अग्निवेदी पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत होत इतकी बिघडली की ओळखू येईनाशी झाली. ‘काहीच कळत नाही, नुसते ठिपके आहेत’ असं कोणी म्हटलं की आधी गधैयाच आठवावा.

अक्षरं आणि साल

शिवराईपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त तीच निघते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’. ठसा सरकलेला असल्यामुळे बहुतेक नाण्यांवर पूर्ण मजकूर नसतो. ‘राजा’मधला ‘जा’ आणि मागे ‘त्र’ किंवा ‘प’ एवढंच. नाणं उलटं धरलं असेल तर तेही दिसत नाही, म्हणून आडव्या रेघा शोधा. ओळींच्या मधल्या या रेघा सरळ आडव्या केल्या की अक्षरं एकदम उभी राहतात.

शिवराई सापडली म्हणजे महाराजांच्या काळातलीच, असं मात्र समजू नका. महाराजांनंतर शिवराई दोनशे वर्षांच्या आसपास पाडली आणि वापरली गेली, सातारकर छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात, अनेक टांकसाळींतून. ‘सिव’, ‘पती’ असे लेखनातले फरक, अक्षरांचं वळण, मजकुराच्या मध्ये घातलेली चिन्हं (दोन दांड्यांची दुदांडी त्यातलीच) यांवरून काळ ठरतो. महाराजांच्या वेळची म्हणवणारी शिवराई विकत घेण्याआधी जाणकाराच्या नजरेखालून गेलीच पाहिजे. मला विचाराल तर बाजारात ‘शिवकालीन’ म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं उत्तर पेशवाईतलं असतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

फारसी लिहिलेलं नाणं मराठ्यांचं असू शकतं, हे अनेकांना पटत नाही. मराठ्यांनी रुपये पाडले ते दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, कारण बाजारात तेच चालत. नाशिकच्या टांकसाळीच्या रुपयावर गावाचं नाव गुलशनाबाद आहे. होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी रुपया शाहआलमच्या नावाचा आणि त्यावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. म्हणून फारसी रुपयावर बादशहाचं नाव वाचून थांबायचं नाही. टांकसाळीचं नाव आणि जागोजाग पेरलेली बारीक चिन्हं, फुलं, त्रिशूळ, परशू पाहायचे. ‘जर्ब’ या शब्दानंतर टांकसाळीचं नाव येतं. शब्द अर्धा तुटलेला असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या नाण्याच्या फोटोवरून उरलेला भाग पुरा करायचा. उर्दू वाचणारे शेजारी असतील तर त्यांना दाखवा. अक्षरं ते सहज लावतात.

फारसी अंकांसाठी एवढं पुरे: शून्य म्हणजे टिंब, एक म्हणजे उभी काडी, सात म्हणजे वर उघडी व्ही, आठ म्हणजे तीच व्ही उलटी, नऊ जवळजवळ इंग्रजीसारखा. साल हिजरी असतं. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: ११७० चे ११३४.९, अधिक ६२२, म्हणजे १७५६-५७. नाण्यावर दुसराही एक छोटा आकडा असतो, तो बादशहाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष. दोन्ही जुळतात का पाहा. पण जुळले नाहीत तर लगेच खोटं ठरवू नका. सराफांचा विश्वास असलेलं जुनं वर्ष तसंच ठेवून नाणी पाडण्याची पद्धत होती. ईस्ट इंडिया कंपनीचा मुर्शिदाबादी रुपया कितीतरी वर्षं ‘१९ सन’च दाखवत राहिला.

देवनागरी साल दिसलं की माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तिथेच फसतो. तांब्याच्या पैशावर ‘१९४९’ वाचून तो स्वातंत्र्यानंतरचा समजू नका. त्यावर तलवार आणि घोड्याचा खूर असेल, सयाजीराव गायकवाडांचं नाव असेल, तर तो बडोद्याचा पैसा आणि साल विक्रम संवत: ५७ वजा करा, १८९२. नेपाळच्या विसाव्या शतकातल्या बहुतेक नाण्यांवरही देवनागरी आणि विक्रम संवतच. साल शकातलं असेल तर ७८ मिळवायचे. अक्षरं देवनागरी असली तरी राज्य मराठीच असेल असं नाही.

इंग्रजी नाण्यांत कोडं फार नसतं. राजाराणीचं नाव, किंमत, साल सगळं लिहिलेलं असतं. सालाखालचा बारीक ठिपका किंवा पत्त्यांतल्यासारखी चौकट तेवढी मुंबई टांकसाळीसाठी पाहा.

पंचवटीतले शिक्के

आपल्या गावात एक खास अडचण आहे. रामदरबार, मारुती, सीता-लक्ष्मण असलेले शिक्के, त्यांना रामटंका म्हणतात. हे देवघरात पूजेला ठेवायचे शिक्के, चलन नव्हे. काही जुने आणि सुंदर आहेत, बहुतेक अलीकडचे पितळी आहेत. यातला सगळ्यात फिरणारा प्रकार म्हणजे एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, एक आना’ आणि १८१८ सारखं साल. कंपनीने रामदरबाराची असली नाणी कधी काढली नाहीत, आणि सरकारचं एक आण्याचं नाणं तर विसाव्या शतकात आलं. २०२७ च्या सिंहस्थात अशा शिक्क्यांना ऊत येईल, हे भविष्य सांगायला ज्योतिषी नको.

त्याहून वाईट म्हणजे ‘राइस पुलर’. तांदळाचे दाणे ओढून घेणारं तांब्याचं नाणं, परदेशातली संशोधन संस्था कोट्यवधी देते, आधी तपासणीचा खर्च भरा. देशभर पोलिसांत याच्या तक्रारी आहेत. तांदूळ ओढणारं नाणं नसतं. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतात, हेही त्याच पंथातलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की बँकेच्या नावाने जुन्या नाण्या-नोटांच्या विक्रीवर शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे फसवे आहेत. विकण्यासाठी आधी पैसे मागितले की फोन ठेवून द्यायचा.

दाखवायचं कुठे, आणि कायदा

आपण नशीबवान आहोत. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था, १९८० मध्ये सुरू झालेली. परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे पहिले संचालक. नाण्यांचं संग्रहालयही तिथेच आहे. नाणं घेऊन धडकण्याआधी संग्रहालयात निवांत फिरा. वर सांगितलेले बरेच प्रकार काचेखाली ओळीने पाहायला मिळतात. मग वजन, व्यास, धातू, सापडलेली जागा आणि दोन्ही बाजूंचे फोटो एका कागदावर नीट मांडून विचारा. ‘हे कुठलं आहे?’ एवढाच प्रश्न आणि धूसर फोटो पाठवणाऱ्याला कोणीही जाणकार फार वेळ देत नाही. ऑनलाइन न्युमिस्टा आणि झेनो या संग्रहांत वजन आणि चित्रावरून शोधता येतं. झेनोवर भारतीय हातठोक नाण्यांचा भाग चांगला आहे.

सराफ बाजारात दाखवायला हरकत नाही, मोडीच्या भावाने चांदी किती हे तिथे कळेल. पण मोडीत गेलेलं नाणं भट्टीत जातं. ओळख पटण्याआधी तिथे ठेवून येऊ नका.

कायदा थोडक्यात पण नीट लक्षात घ्या. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वास्तूत, म्हणजे भिंतीतही, दडवलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय, कुठे, केव्हा सापडलं ते लेखी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्याचं सगळंच जातं असं नाही. सापडणाऱ्याचा आणि जागामालकाचा हिस्सा कायद्यातच दिलेला आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातला कुणी ‘कुरिअर करा, पैसे पाठवतो’ म्हणाला तर तिथेच विषय संपवा. आजोबांच्या पेटीतला व्हिक्टोरियाचा रुपया हा निखात निधी नव्हे, त्याची काळजी नको. पण वाडा पाडताना भिंतीतून मडकं निघालं तर मजुरांत वाटणी होण्याआधी ते जसंच्या तसं बाजूला ठेवा, फोटो काढा आणि तहसील कचेरी गाठा.

एवढं करूनही काही नाणी ओळखू येत नाहीत. अशी नाणी जाड आम्लमुक्त कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पिशव्या नकोत, त्या काही वर्षांत चिकट होऊन नाण्यावर हिरवा थर चढवतात. शिशाचं नाणं लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवू नका. पाकिटावर पेन्सिलीने जागा, वजन, व्यास, घनता आणि आतापर्यंत कोण काय म्हणालं ते लिहा. पुढे कोणी नवं काही सांगितलं की त्याच पाकिटावर तारीख घालून त्याखाली नवी ओळ लिहायची, जुनी खोडायची नाही.